निर्जन पठार, उन्हाळा

प्रयोगशाळेच्या टेबलावर दीडशे वर्षांपूर्वीचा उन्हाळा उताणा पडला होता. पिवळं गवत, पांढुरकं आकाश, कोपऱ्यात धुराची रेघ. चित्राचं नाव 'निर्जन पठार, उन्हाळा'. चित्रकार कॅप्टन हॉलोवे, जमिनीच्या मोजणीला आलेला गोरा साहेब.

डॉ. चांगुणा मेंगाळ यांनी हे तैलचित्र मुद्दाम मागवलं होतं. पठार त्यांच्याच गावचं. भाताची रोपं टाकायची जागा उन्हाळ्यात पाला-शेण पसरून भाजतात, तो राब. मेंगाळांच्या राबाची ठिणगी उडाली आणि पठारावरची वाडी माणसांसकट जळाली, असं गाव सांगे. म्हणून आजही राब पेटवण्याआधी मेंगाळांचा कर्ता पुरुष दारोदार माफी मागत फिरतो. उद्या चांगुणाचे वडील निघणार होते, गुडघे धरलेले असताना.

"तैलरंग आठवडाभर ओला राहतो," चांगुणा म्हणाली. "तोवर हवेतलं सगळं त्याला चिकटतं. सुकला की काही धरत नाही."

कलेतिहासाचे जाणकार डॉ. निस्सीम रोहेकर रंगातले कण ओळखणाऱ्या कणवेधकाच्या पडद्याकडे वाकले. "मग काय चिकटलंय?"

"गवताच्या रंगावर राख आहे. पेंढ्याची, कुडाच्या कारवीची, साठवलेल्या भाताची." ती थांबली. "आणि हाडांची."

"म्हणजे वाडी जळाली तेव्हा साहेब तिथंच होता. हा धूर राबाचा, त्यातून आग." रोहेकरांनी आवाज उतरवला. "वाईट वाटतं, पण गाव म्हणतं ते खरंच दिसतंय."

चांगुणाला रडू आवरेना. तरी तिनं थरदर्शक सुरू केला. अर्धवट सोडणं तिच्या रक्तात नव्हतं. पडद्यावरून गवताचा थर सरकला आणि खाली झोपड्या दिसल्या. एका दारात लुगडं वाळत होतं.

"जळाल्यावर पुसल्या असतील त्यानं," रोहेकर म्हणाले. "उजाड जागेवर गवत रंगवलं."

"जळाल्यावर पुसल्या असत्या, तर राख गवताखाली सापडली असती. खाली किंवा रंगात एक कण नाही, सगळी वर आहे. म्हणजे गवत आधी, आग नंतर."

रोहेकरांनी चष्मा काढून पुसला. तो चढवून ते पुन्हा पडद्याकडे वाकले.

"आणि धूर?" अखेर त्यांनी विचारलं.

"धूर पार सुकल्यावर त्यावर गवताची पाती काढलीत. राब कितीतरी दिवस आधीच विझला होता."

तिनं घरी फोन लावला.

"आबा, उद्या कुणाच्या दारात जाऊ नका. आग आपल्या राबाची नव्हती."



"माझा बा या दारांत नाक घासत मेला गं," आबा म्हणाले. "मंग वाडी कुनी पेटवली?"

चांगुणानं चित्राच्या कोपऱ्यातली ऐटबाज सही पाहिली.

"ज्यानं ती आधी चित्रातून पुसली, त्यानं."