चार दिवसांची शाई

रविवारी सकाळी पावाच्या दुकानात ओदिलियाला आधी यामिलेचा गुडघा दिसला, मग यामिले. डोंगरातल्या दुइतामाच्या थंडीत सगळं गाव लोकरीच्या रुआनात गुरफटलेलं, आणि ही सायकलपटू बया आखूड चड्डीत! गुडघ्यावर जांभळा बाण, आणि बाणाखाली डॉक्टर रेगुलो सेलीची सही.

ओदिलियाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तसा नियम जुनाच होता. दुखरा सांधा पेशंटनं स्वतः दाखवायचा, आणि जबाबदारी घेणाऱ्यानं त्यावर बाण काढून सही करायची. ती शाई चार दिवस जात नसे. बारा वर्षं करवत-हातोडीनं गुडघे बदलून झाल्यावर रेगुलो आता आधी पेशंटचंच रक्त काढायचा आणि त्यातला बरं करणारा भाग सांध्यात टोचायचा. “दहातल्या चौघांना काही फरक पडत नाही,” हेही तोंडावर सांगायचा. रक्त यंत्रात फिरवून तो भाग वेगळा करायची ओदिलिया. तीन वर्षं ती त्याच्या शेजारी उभी... आणि सही मात्र यामिलेच्या गुडघ्यावर!

“काय गं, धूत नाहीस वाटतं?”

“धुऊ कशाला? किती गोड सही आहे!” यामिलेनं डोळा मिचकावला. “आमच्या टीमबरोबर मेदेयीनला चला म्हटलंय त्यांना. कायमचे. उद्या सांगणार आहेत.”

ओदिलियानं हातातली गरम आल्मोहाबाना, चीजचा तो गोल पाव, तशीच पिशवीत कोंबली.

सोमवारी दवाखान्यात रेगुलो स्वतःच पेशंटच्या खुर्चीत येऊन बसला.

“आज माझं रक्त काढा. हातोडी मारून मारून कोपर गेलंय. टोचायला मित्र येतोय माझा.”

“हो, मेदेयीनला सायकलींमागे धावायचं म्हणजे कोपर धड हवंच!”

“नियमाप्रमाणे विचारा ना...”

“कोणती बाजू?” ती फणकाऱ्यानं म्हणाली.

त्यानं उजवी बाही वर सारली. बाण होता — आणि बाणाखाली त्याच्याच अक्षरात तिचं नाव.

“ही... ही चूक आहे. सही ज्याची त्यानं करायची असते.”

“म्हणून तर पेन आणलंय.” त्याचे कान लाल झाले होते. “मेदेयीनला नाही म्हणून कळवलं मी. यामिले दर वेळी विचारते, मनातलं सांगितलंत का ओदिलियाला? आणि मी नुसता बाण काढत बसतो.”

“म्हणजे काल तिनं मला मुद्दाम जाळलं?”

“जळलात?” त्याचा चेहरा एकदम खुलला.

“राख झाली माझी! हात सरळ धरा.”

तिनं सही केली. गरजेपेक्षा बरीच मोठी.

पुढचे चार दिवस डॉक्टर सेली भर थंडीत बाही वर करून चौकात हिंडला. अंगावर काटा आला, तरी रुआना काही घेतला नाही. पाचव्या दिवशी सकाळी तो तिच्या दारात हजर.

“शाई गेली.”

“बसा.”

तिनं पुन्हा सही केली. मग पेन त्याच्या हातात दिलं आणि स्वतःची बाही वर सारली.