दुसरा इंटर्न

"घाबरू नका हं. इथे सगळे आपलेच आहेत."

मौनीने हे वाक्य आदल्या दिवशी आरशासमोर इतकं घोटलं होतं, की बाकावर बसलेला तो उंच मुलगा दिसताच ते तिच्या तोंडून आपसूक निसटलं. मुलगा दचकला. गळ्यापर्यंत लावलेली बटणं, पाणी लावून चापून बसवलेले केस, गुडघ्यांवर दोन्ही हात... धास्तावलेला माणूस पुस्तकात असतो, अगदी तस्सा!

"नाही... म्हणजे, घाबरलो नाहीये," तो म्हणाला.

"सुरुवातीला सगळे असंच म्हणतात." मौनी मायेने त्याच्या शेजारी बसली. "झोप लागते का नीट?"

"काल नाही लागली."

"का बरं?"

"आज पहिला दिवस म्हणून."

"साहजिक आहे. इथे यायला धीर लागतो. घरी सांगितलंय?"

"आईला सांगितलंय. ती म्हणाली, डबा विसरू नकोस."

त्याच्या डोळ्यांच्या कोपऱ्यात काहीतरी चमकून गेलं, पण मौनीचं तिकडे लक्षच नव्हतं. ती रंगात आली होती. मन म्हणजे काय, मनाचं दुखणं लपवू का नये, रडणं किती चांगलं... सगळं सांगून झालं आणि तेवढ्यात आतलं दार उघडून समुपदेशन केंद्राच्या मोठ्या बाई बाहेर आल्या.

"अरे वा! आमच्या दोन्ही इंटर्नची ओळख झाली वाटतं!"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मौनीला झालं.

"सांगितलं का नाहीत तुम्ही?" ती कुजबुजली.

"तुम्ही विचारलंच नाहीत," तो म्हणाला. "आणि खरं सांगू? बरं वाटत होतं."

या गोष्टीला आता खूप वर्षं झाली. मौनीच्या केसांत रुपेरी तार दिसू लागलीय. पण कुठे गरम इस्त्रीचा वास आला, की ती अजूनही थबकते. कारण ते केंद्र एका लॉन्ड्रीच्या वर होतं. खालून दिवसभर वाफ यायची, खिडकीच्या काचा धूसर व्हायच्या, आणि मन मोडलेली माणसं धुतलेल्या चादरींच्या वासात बसून आपली कहाणी सांगायची.

तिचं नाव मौनी पडलं ते वडिलांच्या थट्टेतून. लहानपणापासून तोंडाची टकळी अशी, की वडील म्हणायचे, "आमची मौनी उठली वाटतं, भिंती बोलायला लागल्या." इंटर्नशिपला पगार मिळणार हे कळल्यावर त्यांनी चष्मा काढून विचारलं होतं, "म्हणजे तू बोलणार, आणि पैसे ते देणार? आम्ही इतकी वर्षं फुकटच ऐकलं की गं!"

पण त्या स्टायपेंडमुळेच ती तिथे होती, आणि तोही. स्टायपेंड नसता, तर शिक्षण सोडून त्याला भावासारखं गोदामात पाळीवर जावं लागलं असतं. स्टायपेंडला एक अट होती. शिकून झालं की जिथे पाठवतील तिथे दोन वर्षं काम करायचं. सही करताना दोघांनीही ती नीट वाचली नव्हती. त्या वयात दोन वर्षं म्हणजे काय, ते कुणाला कळतं?

केंद्रात येणारे बरेचसे लोक गिरणीमागच्या वस्तीतले होते. डोंगरापलीकडून कामासाठी आलेले, बोली वेगळी, रीत वेगळी. तो त्यांच्यातलाच, त्या वस्तीत वाढलेला. मौनी होती नदीच्या अलीकडची, पुस्तकं पाठ असलेली.

मोठ्या बाई पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या होत्या, "माणूस इथे एकटा येत नाही. त्याचं घर, त्याची भाषा, त्याची मेलेली-जिवंत सगळी माणसं बरोबर आत येतात. खुर्च्या कमी पडल्या, तर तुम्ही उभं राहायचं."

मौनीने मान डोलावली होती. कळलं मात्र नव्हतं.

कळलं ते वस्तीतल्या शिंपीकाकांमुळे. बायको गेल्यापासून काकांचं जेवण सुटलं होतं. सून त्यांना घेऊन आली आणि मौनीसमोर बसली. मौनीने पुस्तकात होतं तसं सुनेला हसतमुखाने बाहेर पाठवलं, दार लावलं, आणि पुढे झुकून विचारलं, "काका, काय वाटतंय तुम्हाला?"

"काय वाटायचंय? पोट दुखतं."

"आणि मनात?"

काका बराच वेळ बंद दाराकडे बघत राहिले. पुढच्या खेपेला ते आलेच नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही.

"माझं चुकलं कुठे?" जिन्याच्या पायरीवर मौनी चहाचा कप धरून बसली होती. तो दोन पायऱ्या खाली, भिंतीला टेकून.

"सुनेसमोर दार लावलंत ना. आमच्यात दार लावतात ते माणूस गेल्यावर नाहीतर भांडण झाल्यावर. काकांना वाटलं असेल, सुनेने काहीतरी तक्रार केलीय."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तुम्ही श्वास घ्यायला थांबलात, तर सांगणार ना!"

ती चिडून उठली. कपातला चहा त्याच्या बाहीवर सांडला. त्याने बाहीकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि इतका मोकळा हसला की तिला राग पुढे रेटताच येईना.

"चला," तो म्हणाला, "काका येत नसतील, तर आपण जाऊ. बाईंना विचारून ठेवलंय मी."

वस्तीतली गल्ली अरुंद होती. दोघं शेजारी चालायचं तर खांद्याला खांदा लागत होता. म्हणून तो मागे राहायचा, आणि मग तिला वाट माहीत नाही म्हणून पुन्हा पुढे यायचा. रिमझिम लागली होती. त्याने छत्री उघडून तिच्या हातात दिली आणि स्वतः भिजत चालला.

"दोघं मावतील की," ती म्हणाली.

"इथल्या खिडक्यांना डोळे आहेत, मॅडम. उद्या सकाळी माझ्या आईला लग्नाची तारीख विचारतील."

मौनीचे कान तापले. तिने छत्री डोळ्यांवर ओढून घेतली.

शिंपीकाका खिडकीपाशी बसले होते. शिलाई मशीनवर झाकण होतं. सून दाराशी उभी राहिली, आणि या वेळी मौनीने तिला हाताला धरून आत बसवलं. स्वतः जमिनीवर बसली आणि काही बोलली नाही. गप्प बसणं तिला इतकं जड गेलं, की तिने जीभ दाताखाली धरून ठेवली होती.

तो आणि काका त्यांच्या भाषेत बोलत राहिले. गल्लीतल्या, गावाकडच्या, कापडाच्या गोष्टी. मौनीला एक शब्द कळत नव्हता, म्हणून ती हात बघत होती. काकांनी खणातून मोठी कात्री काढली, फडक्याने पुसली आणि त्याच्या हातात ठेवली. मग मोजपट्टी. मग चष्म्याचं घर. तो गहिवरून घेत होता.

बाहेर ओट्यावर येताच ती म्हणाली, "काय म्हणाले?"

"म्हणाले, तू घेऊन जा, तुझ्या उपयोगी पडेल. आमच्यात असंच असतं. म्हातारा माणूस आपलं हत्यार तरुणाला देतो. मोठा मान आहे हा."

"असेल. पण चष्म्याचं घर?"

तो थांबला.

"चष्मा लागतो ना त्यांना अजून," मौनी हळू म्हणाली. "सगळं वाटून टाकतायत ते. मला भीती वाटते. आपण त्यांना विचारायला हवं... जगावंसं वाटतंय का म्हणून. सरळ."

"असं कुणी विचारत नाही आमच्यात. अभद्र मानतात."

"मला ठाऊक नाही तुमच्यात काय मानतात. तुम्हालाच ठाऊक आहे. म्हणून तुम्हीच विचारा. मला तर तुमच्या भाषेत पाणीसुद्धा मागता येत नाही."

"आणि चुकलं तर? म्हातारा दुखावला तर?"

"तर मी पाय धरीन त्यांचे. पण विचारलं नाही, आणि..."

पावसाचं पाणी पन्हाळीतून ठिबकत होतं. तो हातातल्या कात्रीकडे बघत राहिला. मग वळला आणि आत गेला.

त्याने काकांपाशी बसून फार हळू आवाजात विचारलं. शब्द कळले नाहीत, पण तो कुठल्या शब्दाशी अडला ते मौनीला कळलं. काकांचा चेहरा एखादी शिवण उसवावी तसा उसवत गेला, आणि म्हातारा माणूस त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडू लागला. दाराशी सुनेने पदर तोंडाला लावला.

त्याने मौनीला मराठीत सांगितलं ते असं: दिसत नव्हतं काकांना. सुईत दोरा बायको ओवून द्यायची. ती गेल्यावर सुनेला सांगायची लाज वाटली, काम सुटलं, आणि काम सुटल्यावर आपण कशाला उरलोय, असं वाटू लागलं. रोज. फार दिवसांपासून. आणि ते ऐकता ऐकता सून एवढंच म्हणाली, "मला वाटायचं, मामंजी माझ्यावर रागावलेत."

त्या संध्याकाळी मोठ्या बाई स्वतः डॉक्टरांना घेऊन वस्तीत आल्या. काकांचा मुलगा कामाची पाळी सोडून घरी आला. कुणीतरी सतत जवळ राहील असं ठरलं. औषधं सुरू झाली, डोळ्यांचं ऑपरेशन झालं, आणि काका दर आठवड्याला केंद्रात येऊ लागले — सुनेसकट, दार उघडं ठेवून. हळूहळू शिलाई मशीनवरचं झाकणही निघालं.

पण हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी परतताना गल्लीच्या तोंडाशी तो थांबला आणि म्हणाला, "तू नसतीस, तर मी कात्री घेऊन घरी गेलो असतो."

तू! मौनीने ऐकलं. त्यानेही ऐकलं असावं, कारण तो गडबडला. "म्हणजे... तुम्ही..."

"राहू दे," ती म्हणाली. "तू नसतास, तर मला विचारता तरी कुठे आलं असतं?"

आणि छत्री दोघांवर धरून ती चालू लागली. खिडक्यांना डोळे होते. असू देत!

मग ते दिवस आले, ज्यांच्या आठवणीने मौनी आजही काम करता करता एकटीच हसते. जिन्यावरचा चहा. त्याने तिला शिकवलेली भाषा. 'खुर्ची घ्या' म्हणून त्याने असं काही शिकवलं, की तिने ते एका आजीबाईंना म्हणताच आजीबाईंनी तिची अलाबला घेतली. दिवसभर तो तिला अर्थ सांगेना.

"सांग ना!"

"'मला तुमची नात करून घ्या' असं म्हणालीस. मग काय वाईट झालं?"

"लबाड!"

लॉन्ड्रीची वाफ, धूसर काच, आणि काचेवर तो बोटाने लिहून दाखवायचा ते शब्द... पाऊस, वाट, घर. एक शब्द मात्र लिहून त्याने लगेच तळव्याने पुसला. ती विचारत राहिली, तो कानावर हात ठेवत राहिला.

आणि मग ती सही आठवली. नेमणुका आल्या. मौनी तिथेच, लॉन्ड्रीच्या वर. तो डोंगरापलीकडे, नवीन केंद्रावर.

"त्यांना तिकडची भाषा येणारं माणूस हवंय," तो म्हणाला. "आणि तिकडे कुणीच नाहीये गं. शिंपीकाकांसारखे किती असतील."

जाऊ नकोस, असं तिला म्हणता आलं नाही. तो तिथे गेला नसता, तर तिला तो आवडलाच नसता.

बसस्थानकावर ती त्याच्यासमोर नुसती उभी राहिली. वाहक ओरडत होता, कुणाची तरी वळकटी त्यांच्यामधून गेली.

"बोल ना काहीतरी," तो म्हणाला. "तू गप्प बसलीस की मला धडकी भरते."

"काय बोलू? सगळं तुला कळतंच."

"कळतं. तरी विचारायचं असतं ना सरळ?"

"मग... आवडते का मी तुला?"

"पहिल्या दिवसापासून. तू झोपेबद्दल विचारलंस तेव्हापासून." त्याने हातातली पिशवी खाली ठेवली. "आणि मी?"

मौनी भडाभडा बोलू लागली. काय बोलली, तिला आता आठवत नाही. बस हलली तरी ती खिडकीबरोबर चालत बोलतच होती, आणि तो मान बाहेर काढून हसत होता, रडत होता.

दोन वर्षं लांबच लांब गेली. रविवारी फोन यायचा. मौनी त्याच्या भाषेत बोलायचा हट्ट धरायची, आणि पलीकडे तो हसून हसून बेजार व्हायचा. कधी रेंज नसायची, कधी त्याच्याकडे इतकं काम असायचं की तो बोलता बोलता झोपून जायचा. ती तशीच फोन कानाशी धरून बसायची.

मुदत संपायच्या उन्हाळ्यात तो रजेवर आला. मौनी वडिलांना घेऊन वस्तीत त्याच्या घरी गेली. घर माणसांनी भरलेलं. भाऊ, वहिनी, शेजारपाजार, कोपऱ्यात नवा चष्मा लावलेले शिंपीकाका. तो मध्यस्थासारखा बोलायला पुढे झाला, तशी तिने त्याला हातानेच थांबवलं. पाठ केलेलं वाक्य तिने त्याच्या आईला तिच्याच भाषेत म्हणून दाखवलं: तुमचा मुलगा मला द्याल का?

सगळं घर खदाखदा हसत सुटलं. वहिनी भिंतीला टेकली. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"काय झालं?" मौनी कासावीस. "काय म्हणाले मी?"

"त्या भाषेत देण्याचे दोन शब्द आहेत गं," तो हसू आवरत म्हणाला. "तू म्हणालीस, तुमचा मुलगा मला उसना द्याल का?"

मौनीचे वडील हसता हसता चष्मा पुसू लागले. मौनी लाल झाली, उठून पळावं असं तिला वाटलं. पण त्याची आई उठून तिच्यापाशी आली, तिचा चेहरा दोन्ही तळव्यांत धरला, आणि मौनीला कळावं म्हणून मोडक्यातोडक्या मराठीत, एकेक शब्द जुळवत म्हणाली,

"उसना नको, बाळ. ठेवूनच घे."