पुसलेला प्रश्न

निर्दाब कक्षाच्या पडद्यावर पुन्हा तांबडी ओळ उमटली आणि उतरत आलेला दाब परत होता तिथे जाऊन बसला. रत्नागिरीच्या समुद्रतळ संशोधन केंद्रात सकाळपासून हाच खेळ चालला होता. खोल पाण्यातून आलेल्या पाणबुड्याला या पोलादी खोलीत बसवून दाब अगदी सावकाश उतरवावा लागतो. घाई केली तर रक्तात बुडबुडे होतात आणि माणूस जातो. इतका संथ उतार हाताला साधत नाही, म्हणून ते काम आज्ञावलीकडे होतं. आज तीच अडून बसली होती. आत नुमान सोलकर होता, आणि दुपारपर्यंत उतार सुरू झाला नाही तर त्याला श्वासवायू पुरणार नव्हता.

"आपा, मी इथंच संसार थाटू का?" नुमानने आतून विचारलं. श्वासवायूतल्या हेलियममुळे त्याचा आवाज खेळण्यातल्या बदकासारखा चिरका येत होता. बाहेर उभ्या असलेल्या त्याच्या थोरल्या बहिणीला, केंद्राची आज्ञावलीकार तबस्सुमला, त्याचं काही हसू आलं नाही.

"संहितक काय म्हणतो?" संचालिका डॉ. वासंती रेगे यांनी विचारलं.

"तेच. दाबमापक बदला. दोनदा बदलले, मॅडम."

जगभरच्या आज्ञावल्या आता संहितक हे यंत्रच लिहीत असे. ही आज्ञावलीही त्याचीच, लाखो ओळींची. कुठली ओळ कशासाठी, हे देवालाच ठाऊक.

"उत्तर येत नसेल तर तो तसं सांगेल ना?"

"त्याला ते कळतच नाही. माणसं जाहीरपणे जे लिहितात ते तो क्षणोक्षणी वाचतो, वाचलेलं विसरत नाही, आणि आपण विचारलं की त्यातलं सगळ्यात जुळणारं काढून देतो. पण हल्ली जो तो आपली अडचण गुपचूप त्यालाच सांगतो. जाहीर कुणी लिहीतच नाही. मग नव्या दुखण्यावर तो जुनंच औषध देणार. मी प्रश्नफलकावर विचारते."

प्रश्नफलक म्हणजे इंटरनेटवरची जुनी जाहीर जागा, आता ओस पडलेली. रेगेबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"केंद्राची अडचण चव्हाट्यावर मांडायची? करारात मनाई आहे. लोकांची उत्तरं शोधून, चिकटवून शिकलीस तू. ती सवय काही जात नाही."

"हो, तशीच शिकले! घरात एकच फोन होता, क्लासला घालणारं कुणी नव्हतं. चूक आली की ती जशीच्या तशी शोधात टाकायची. कुठल्यातरी देशात कुणीतरी त्याच चुकीवर डोकं फोडून घेतलेलं असायचं. पहिलं उत्तर चिकटवलं की हमखास बिघडायचं. मग त्याखालची भांडणं वाचायची. खरं शिक्षण त्या भांडणांतच होतं. ती माणसं फुकट लिहीत होती, मॅडम. मला याची लाज नाही वाटत, अभिमान वाटतो."

बोलता बोलता तिचं लिहून झालंसुद्धा. कक्षाचा प्रकार, तांबडी ओळ, काय काय करून पाहिलं, सगळं. शेवटी तिने लिहिलं, 'माझा भाऊ आत आहे. कुणी हे सोडवलं असेल तर फोन करा.' आणि खाली स्वतःचा नंबर.

रेगेबाई वाईट नव्हत्या, पण खुर्ची कुणाला नको असते? त्यांनी मुख्यालयाला कळवलं आणि काही मिनिटांत प्रश्न फलकावरून पुसला गेला.

"माझ्या भावाला तुम्ही आत मारताय," तबस्सुम म्हणाली.

"थांब, मी स्वतः विचारते." रेगेबाईंनी संहितकापुढे अडचण मांडली. उत्तर लगेच आलं.

'तंतोतंत जुळणारा मजकूर सापडला. माझा भाऊ आत आहे. कुणी हे सोडवलं असेल तर फोन करा.' खाली तबस्सुमचा नंबर.

रेगेबाईंचा चेहरा उतरला. "म्हणजे जिथं जिथं असा कक्ष आहे..."

"तिथं जो कुणी विचारेल त्याला माझा प्रश्न मिळणार. फलकावरून पुसलात, आता यंत्राच्या डोक्यातून पुसून दाखवा."

फोन वाजला. ब्राझीलचं केंद्र. त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. त्यांचाही एक माणूस आत अडकला होता. मग कोचीचा फोन आला, तिथेही तीच रड. तिसरा फोन चिलीहून इग्नासिओ नावाच्या तंत्रज्ञाचा होता. नवा कक्ष बसवताना सवयीने संहितकाला विचारलं, तर हा प्रश्न समोर आला म्हणाला.

"तुमचे मापक फार अचूक आहेत," अनुवादकातून त्याचा आवाज आला. "दोन्ही मापकांचं वाचन शेवटच्या आकड्यापर्यंत सारखं येतं. आज्ञावलीला वाटतं, एक मापक बिघडून दुसऱ्याची नक्कल करतोय, म्हणून ती उतार थांबवते. दुसऱ्याचं वाचन अर्धा सेकंद उशिरा घ्या. आम्ही हे केव्हाच सोडवलंय. बाहेर बोलायची बंदी होती. पण भाऊ आत आहे म्हणालात, मग बंदी गेली खड्ड्यात."

तबस्सुमने बदल केला. दाब उतरू लागला, नेहमी अडायचा ती जागा आली, गेली, तांबडी ओळ उमटली नाही. ती घळाघळा रडली.

"कान मोकळे होतायत, आपा!" नुमान आतून ओरडला.

फोन पुन्हा वाजला. नंबर ब्राझीलचा होता.

"उचलू नकोस," रेगेबाई म्हणाल्या. "मुख्यालयाचा निरोप आलाय. हा उपाय आता केंद्राची मालमत्ता आहे. एक शब्द बाहेर गेला तर उद्यापासून तुझी नोकरी नाही."

तबस्सुमने त्यांच्याकडे बघतच फोन उचलला.

"हो, मीच ती. तुमचा माणूस अजून आत आहे ना? लिहून घ्या, सांगते."