बाहेरून कडी

तो मोबाइल आधी उलटा ठेव. आणि भाचेबुवा, हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. ही ऐकीव गोष्ट नाही. आमच्या वायरमनची आहे. माझ्या वर्गातला, एका बाकावरचा. शेवटी शेवटी तर मी स्वतः तिथे हजर होतो.

सहा वर्षं झाली. डिसेंबरातला दुसरा शनिवार, रात्रीचे साडेनऊ. वायरमन रिमोटचे सेल आणायला बाहेर पडला, एवढंच निमित्त. दुकानातल्या टीव्हीवर जाहिरात दिसली. आमच्या लहानपणीचा तो यानाचा पिक्चर दहा वाजता लागणार होता. गडी खूश! घरी येऊन लेकीला म्हणाला, "बस इथे. असला पिक्चर आता कोणी काढत नाही."

आता त्या पिक्चरचं सांगतो. एक यान असतं. त्याचा मेकॅनिक दुरुस्तीला बाहेर अवकाशात जातो आणि कप्तान आतून दार लावून घेतो. उघडलं तर आतली हवा जाईल म्हणून. मेकॅनिक बाहेरून दारावर मुठी आपटत राहतो. आम्ही चौथीत असताना टॉकीजमध्ये पाहिला होता. काय आवाज होता तो! धाड, धाड, धाड. पुढे वर्षभर आम्ही शाळेतली बाकं तशीच बडवायचो आणि मास्तरांचा मार खायचो.

आणि त्याच शोला वायरमनचा बाप गेला. टॉकीजचा ऑपरेटर होता तो. वर मशीनच्या खोलीत वायरिंग पेटलं आणि धुराने गुदमरला. पडदा काळा झाला तेव्हा आम्ही खालून शिट्ट्या मारल्या, ऑपरेटरच्या नावाने बोंबललो. वायरमनसुद्धा. मालकाने गावभर सांगितलं, दारू पिऊन विडी ओढत झोपला, स्वतः गेला आणि माझ्या धंद्यालाही काळं फासून गेला. आई जन्मभर म्हणत राहिली, "अरे, ते दारूला शिवतसुद्धा नव्हते." पण कोण ऐकतं? पोटच्या पोरानेच ऐकलं नाही. दारुड्याचा पोर म्हणवून घेत वाढला आणि बापाचा राग राग करत राहिला.

तर पिक्चर सुरू झाला. ते दृश्य आलं. मेकॅनिकच्या मुठी दारावर...

आवाज नाही.

वायरमनने आवाज वाढवला. होता नव्हता तेवढा वाढवला. काही नाही. "चॅनलवाल्यांनी वाट लावली!" म्हणत त्याने रिमोट आपटला. लेक मोबाइलवर बघून म्हणाली, "अहो बाबा, अवकाशात हवा नसते. आवाज कुठून येणार? हे दृश्य मुकंच आहे, पहिल्यापासून. त्यासाठीच तर हा पिक्चर गाजला."

मला फोन आला. "त्या दारावर थापा होत्या ना रे?"

"होत्या की. अजून कानात आहेत."

"पिक्चरमध्ये नाहीत."

 

दोघांनाही एकदमच कळलं, त्या थापा कुठून येत होत्या ते.

तसेच निघालो. टॉकीज बंद पडून जमाना झाला होता, पण मालक मागच्या दोन खोल्यांत राहायचा, एकटा. ऐंशी उलटलेली. वायरमनने दार ठोठावलं नाही, लाथच घातली. म्हाताऱ्याचा दंड धरला. "वर चला."

लोखंडी जिना. वर लोखंडी दार. त्याला जाडजूड कडी. बाहेरून.

"ही बाहेरून का?"

"तुझा बाप लोकांना फुकट आत घ्यायचा... म्हणून शो सुरू झाला की मी कडी घालायचो."

"आणि थापा?"

"मला वाटलं... पिक्चरमधल्याच."

"आम्हाला वाटलं तसं! आम्ही पहिल्यांदा बघत होतो, मालक. तुम्ही आठवडाभर रोज तोच पिक्चर लावत होतात. ते दृश्य मुकं आहे हे तुम्हाला तोंडपाठ होतं!"

म्हाताऱ्याने दंड सोडवायला झटका दिला.

"बोला!"

"हाउसफुल होतं रे... दार उघडलं असतं तर धूर खाली आला असता. शो बंद पडला असता... पडदा काळा झाल्यावर काढली मी कडी. लोक वर यायच्या आत."

"शो!" वायरमन ओरडला. त्याला तसा मी कधी पाहिला नव्हता. माझंही डोकं फिरलं होतं, खोटं कशाला बोलू? एका शोपायी माणूस कोंडून मारला, वर त्यालाच दारुडा ठरवला, आणि आम्ही मूर्ख त्याच्या शेवटच्या थापांची नक्कल करून हसत होतो!

"उघडा," वायरमन म्हणाला. "तुमच्या हाताने लावलीत. तुमच्याच हाताने काढा."

म्हातारा हलेना.

आणि तेवढ्यात...

धाड.

आतून.



धाड. धाड.

"उघडा!"

म्हाताऱ्याने कडीला हात घातला. ओढली. आणि असा किंचाळला... अजून आठवलं की अंगावर काटा येतो.

दार उघडलं. आत कोणी नव्हतं. मशीन केव्हाच भंगारात गेलेली. नुसती धूळ. त्या धुळीत एक पाऊलसुद्धा उमटलेलं नव्हतं. वायरमन उंबऱ्यावर उभा राहिला. "बाबा," एवढंच म्हणाला आणि ढसाढसा रडायला लागला.

दुसऱ्या दिवशी त्याने मालकाला भर चौकात उभं करून सगळं वदवून घेतलं. ऑपरेटर दारू पीत नव्हता, हे आधी. मी शेजारी उभा होतो, आणि मला म्हाताऱ्याची जराही दया आली नाही.

आता एवढंच ऐका आणि झोपा. मालकाला आम्ही रात्रीच डॉक्टरकडे नेलं होतं. तळहाताची कातडी सोलून निघाली होती. डॉक्टर म्हणाले, "तापलेलं लोखंड कशाला धरलंत?" ती जखम तो मरेपर्यंत भरली नाही.

आणि कडी? त्याच्या मागोमाग मी धरली होती. माझ्यानंतर वायरमनने.

बर्फासारखी गार होती.