शेवटच्या गाठीवरचा हात

हसायचं असेल तर खुशाल हसा. मीही आधी हसले होते. पण जयश्री सुरतच्या बमरोलीत माझ्या शेजारच्याच खोलीत राहते. तिच्यासोबत घडलं ते तिच्या तोंडून ऐकलंय, आणि पुढचं थोडं मी डोळ्यांनी पाहिलंय. यात एक शब्द पदरचा नाही.

गेल्या वर्षीचा जानेवारी. रविवार. ठिकाण सुरतमध्येच, इच्छापोरच्या पुढचं वन्यजीव शिक्षण केंद्र.

आणि वेळ भरदुपारची. भीती वाटायला रात्रच लागते असं नाही.

जयश्री तिथे सवड मिळेल तेव्हा स्वयंसेवक म्हणून जायची. शाळेची मुलं आली की त्यांना फिरवायचं, प्राण्यांची माहिती सांगायची. घरात उंदीर निघाला तर ही बाई कॉटवर चढते, म्हणून चाळीत आम्ही तिला फार चिडवायचो. ती हसायची. मुलगी तारा सोबत असायची. वय सात, तोंडाची टकळी अखंड चालू.

त्या केंद्रात एक अंधारघर आहे. आत घुबडं, रानमांजरं, वटवाघळं. दिवसा तिथे काळोख ठेवतात आणि रात्री दिवे लावतात, म्हणजे हे प्राणी दिवसा जागे राहतात. एकच लांब बोळ. एका दाराने आत, दुसऱ्याने बाहेर.

आत बॅटरी लावायची नाही. हाका मारायच्या नाहीत. प्राणी बिथरतात.

म्हणून गाठी मारलेला दोर. प्रत्येक मूल एक गाठ धरतं. पुढचा स्वयंसेवक दोराला दोन हिसके देतो. शेवटची गाठ धरणारा उलट दोन हिसके देतो. म्हणजे सगळं ठीक.

आणि शेवटची गाठ कायम मोठ्या माणसाच्या हातात. हा तिथला पक्का नियम.

त्या दिवशी शेवटची गाठ भूपेंद्रची, दुसऱ्या स्वयंसेवकाची, होती. तो कतारगामहून येणार होता, आला नाही. मुलं कंटाळली, ढकलाढकली सुरू झाली. तारा हट्टाला पेटली, "माय, मी धरसू ना शेवटली गाठ. माले सगळं येस."

जयश्रीने दोराचं टोक तिच्या हातात दिलं.

सगळे आत शिरले. दार लागलं. स्वतःचा हात दिसेना.

निम्म्या वाटेवर जयश्रीने दोन हिसके दिले.

मागून दोन हिसके आले...

जोरात. तिच्या हाताला रग लागावी इतक्या जोरात.

सात वर्षांच्या पोरीत एवढी ताकद नसते. जयश्रीच्या मनात आलं, भूपेंद्र उशिरा पोचला आणि गुपचूप मागे येऊन लागला. तिचा जीव भांड्यात पडला. आता काळजी नव्हती.

एक मात्र खटकलं. घुबडांचा आवाज नव्हता. वटवाघळांची चिकचिक नव्हती. अख्खं अंधारघर गप्प होतं.

दुसऱ्या दाराशी तिने पुन्हा हिसके दिले. पुन्हा तसंच उत्तर आलं.

मुलं एकेक करून उन्हात आली. हसत, डोळे चोळत.

शेवटची गाठ जमिनीवर घासत बाहेर आली...

तारा नव्हती. भूपेंद्रही नव्हता.

जयश्रीने त्याला फोन लावला. "सॉरी बेन, बाइक पंक्चर झाली. अजून कतारगामलाच आहे," तो म्हणाला.



बन्सीलाल म्हणून तिथला राखणदार. त्याने अंधारघराचे सगळे दिवे लावले. बोळ रिकामा. पिंजऱ्यांना कुलपं. पहिल्या दाराची कडी बाहेरून लावलेली, त्यानेच लावली होती. सगळे प्राणी पिंजऱ्यांच्या मागच्या भिंतींना चिकटून बसले होते. रानमांजर थरथरत होतं.

"मी कडी लावायच्या आधीच पोरगी निसटून बाहेर पळाली असेल," बन्सीलाल म्हणाला. "मागच्या तळ्याकडे बघू चला."

माणसं तळ्याकडे धावली. जयश्रीही धावली. काठावर उभी राहून ती घसा फुटेस्तोवर ओरडली. तळ्यात बांबू घातले गेले. प्रत्येक वेळी बांबू वर येताना ती डोळे मिटून घ्यायची.

काहीच सापडलं नाही. आणि अचानक तिला कळलं की तारा तळ्यात नाही. ती दोरावर होती. दोरावरून कुणीतरी तिला नेलं होतं.

ती परत आली. "दिवे बंद करा," ती बन्सीलालला म्हणाली.

"वेड लागलंय का ताई?"

"बंद करा. पाया पडते तुमच्या."

तोच दोर घेऊन ती एकटी आत गेली. टोक मागे जमिनीवर सोडलं, आणि मघासारखीच पुढे चालत राहिली. निम्म्या वाटेवर थांबली.

दोन हिसके दिले.

काही नाही...

पुन्हा दिले. काही नाही.

मग तिचा बांध फुटला. देवाचं नाव आठवेना. समोर कोण आहे, आहे तरी का, काही ठाऊक नाही. काळोखात गुडघे टेकून ती रडत बोलली, "मनी पोर माले दी दे. मी येसू. दर रविवारले येसू, तुनाजोडे बससू. एकबी रविवार चुकाडाव नही. फक्त मनी पोर दी दे."

दोर ताणला गेला...

दोन हिसके आले. हलके. जमिनीलगतून.

जयश्रीने दोर ओढला. जड लागत होता. तिने सगळा जीव लावून ओढला, आणि काळोखातून एक लहान हात तिच्या गळ्याभोवती पडला. बर्फासारखा गार.

"माय, रडी का राहिनी? तूच तर मना हात धरेल व्हता," तारा म्हणाली.

जयश्रीने आजपर्यंत त्यावर तिला एक प्रश्न विचारलेला नाही.

तेव्हापासून ती दर रविवारी जाते. ताप असो, पाऊस असो. केंद्रात तिचा सत्कारही झाला, एवढी आवड असलेली बाई पाहिली नाही म्हणून. दुपारी ती अंधारघरात जाते आणि बोळात एकटी बसून येते.

एकदाच चुकलं. अमळनेरला दिराचं लग्न होतं. मीही गेले होते. ऐन जेवणाच्या पंगतीत तारा उठली आणि मंडपाच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. एक हात वर, कुणाचं तरी बोट धरलं असावं तसा. जयश्रीने तिला जवळ घेतलं तर ती मागे सरकली. "तू कोण?" तिने विचारलं. मी तिचा हात धरून पाहिला. गारठला होता.

नवऱ्याच्या शिव्या खात जयश्रीने गाडी केली आणि आम्ही थेट केंद्र गाठलं. ती अंधारघरात शिरली, आणि बाहेर माझ्या मांडीवर बसलेल्या ताराने मला ओळखून पाणी मागितलं.

काल संध्याकाळी जयश्री माझ्याकडे आली. चेहरा पांढराफटक. केंद्रात नवी इमारत होणार आहे. अंधारघर पाडायला घेतलंय, प्राणी दुसरीकडे हलवलेसुद्धा. तिने तिथल्या साहेबांचे पाय धरले, पण त्यांना ती काय सांगणार होती?

"ताई, माले जागा सांगा," ती म्हणत होती. "ती खोलीच नही राहिनी तर मी रविवारले कोठे जाऊ?"

मी नुसती तिचा हात धरून बसले. उद्या रविवार आहे, आणि भिंतीपलीकडे तारा मोठमोठ्याने पाढे म्हणतेय.