टाकीमागचा चढ

माझ्या गाडीत बसून ताशी वीसच्या वर जायला ज्याला चार महिन्यांत जमलं नव्हतं, त्याच माणसाला मला विचारावं लागलं, "माझ्यावर भरधाव गाडी पळवल्याचा आरोप आहे. साक्ष द्यायला याल?"

तो हसला नाही. हसला असता तर तिथेच गाडीतून उतरवला असता.

मी गाडी चालवायला शिकवते. मुलं माघारी मला 'ब्रेकबाई' म्हणतात, कारण माझ्या बाजूलाही एक ब्रेक आहे आणि माझा पाय त्यावरून कधी हलत नाही. हा घड्याळजी आमच्या ऑफिसातलं भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त करायला आला होता. मी फोनवर कुणाशी तरी कडाकडा भांडत होते. भांडण संपलं, तेव्हा घड्याळ चालू झालं होतं आणि हा स्टुलावर तसाच उभा...

"मॅडम, मलाही शिकवाल का?"

आत्यानं तिथल्या तिथे फॉर्म भरून घेतला. कागद आत्याकडे, रस्ता माझ्याकडे, अशी आमची वाटणी.

तेव्हापासून दर मंगळवारी, पाच ते साडेपाच. पाण्याच्या टाकीमागचा चढ आला की याची गाडी बंद!

"अहो, क्लच हळू सोडा!"

"हळूच सोडला."

"मग गाडी काय रुसली?"

"रुसली नसेल... तुमचं ओरडणं आवडत असेल तिला."

असं म्हणायचा आणि कान लाल करून समोर बघायचा. असा राग यायचा! आणि मंगळवारी मी दोनदा केस विंचरायचे, हेही खरं.

मग नोटीस आली. मंगळवार, पाच वाजून दहा मिनिटं, पुलावरचा रस्ता, वेग ब्याण्णव, गाडीचा रंग निळा. माझी गाडी पिवळीधमक! सोबतचा फोटो इतका पुसट की गाडीच्या नंबरातला शेवटचा आकडा तीन आहे की आठ, कळेना. कुणीतरी आठ ठरवून टाकला आणि गाडी माझ्या गळ्यात मारली. "रंग काय, बदलताही येतो," आरटीओच्या खिडकीतले कारकून म्हणाले. "त्या वेळी गाडीत असलेला साक्षीदार आणा." आरोप टिकला तर माझा शिकवण्याचा परवाना जाणार होता. म्हणजे बाबांनी उभी केलेली शाळा बंद.

साक्षीचं विचारल्यावर घड्याळजीनं मलाच उलट विचारलं.

"माझा फॉर्म फाइलला जोडायलाच हवा?"

"हवाच. का?"

"काही नाही... येतो मी."

सुनावणी घेणाऱ्या बाई कडक होत्या. मी मनातल्या मनात सगळे देव आठवले.

"पाच दहाला कुठे होतात?" त्यांनी त्याला विचारलं.

"टाकीमागच्या चढावर. गाडी तिसऱ्यांदा बंद पडली होती."

"वेळ इतकी पक्की कशी?"

"घड्याळजी आहे मी. आणि... गाडी बंद पडली की मनगटाकडे बघतोच."

"का?"

"साडेपाचला शिकवणी संपते. किती मिनिटं उरली, ते बघतो."

बाईंनी फाइलचं पान उलटलं आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

"इथे तर लिहिलंय, लायसन्स आहे. नऊ वर्षांपासून!"

संपलं, मला वाटलं. चार महिने हा माणूस माझ्या शेजारी बसला आणि मी त्याचा फॉर्म एकदाही वाचला नव्हता.

"नऊ वर्षं लायसन्स असलेला माणूस एकाच चढावर गाडी बंद पाडतो? यावर मी विश्वास ठेवू?"

तो उभा राहिला. कान लालबुंद.

"पहिल्या दिवशी खरंच बंद पडली, मॅडम. तेव्हा या हसल्या. मग मी... पाडत राहिलो."

मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं. त्यानं खिशातून आपलं डोळ्याला लावायचं भिंग काढून पुढे केलं. "फोटो यातून बघा. आकडा तीन आहे."

बाईंनी बघितलं. पुन्हा बघितलं. मग भिंग परत देताना त्या चक्क हसल्या.

"तीनच आहे. नोटीस रद्द. पण साक्ष द्यायला आलात की मागणी घालायला, तेवढं बाहेर जाऊन ठरवा!"

बाहेर आल्यावर मी किल्ली त्याच्या हातात आदळली. "चालवा!"

काय चालवली! लोण्यातून सुरी फिरावी तशी.

"चार महिने! माझ्या क्लचची वाट लावलीत!"

"नवा बसवून देतो."

"आत्याला माहीत होतं?"

"त्याच म्हणाल्या, मंगळवार घ्या, त्या दिवशी ती जरा मऊ असते."

घरी जाऊन आत्याकडे बघतेच, असं मी ठरवलं. पण मला हसू आवरत नव्हतं. आनंद नुसता उतू जात होता. "आजपासून तुमची शिकवणी बंद," मी म्हणाले. त्याचा चेहरा पडला. "मंगळवारी पाचला मात्र यायचं. साडेपाचला निघायचं नाही. आवडता तुम्ही मला, कळलं?"

आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्या दुसऱ्या ब्रेकवरचा पाय काढून मांडी घालून बसले.

समोर टाकीमागचा चढ आला. गचका बसला आणि गाडी बंद.

"आता कशाला नाटक?"

"नाही हो," तो घाबराघुबरा होऊन किल्ली फिरवत म्हणाला, "ही खरंच बंद पडली!"