भरावाखालची मोरी

"उठा रे! नुसतं रडत बसलात तर बुलडोझर काही परत जाणार नाही!" चिमणीने फर्मान सोडलं.

पायरीवरचे दोघे ढिम्म! एक तिचा धाकटा भाऊ ढोल्या, दुसरा शेजारचा चष्मिस. सुट्टीतली टोळी एवढीच उरली होती. चिमणीची जिवाभावाची मैत्रीण खारू हिचं घर सगळ्यात आधी पाडलं गेलं आणि ती रेल्वेच्या भरावापलीकडच्या नव्या वसाहतीत राहायला गेली. आता बाकीच्यांची पाळी होती. नव्या नकाशाप्रमाणे अख्खी गल्ली नाल्याच्या वाटेत येत होती आणि हा नकाशा कार्यालयात बसून काढला होता खुद्द चिमणीच्या बाबांनी! गल्लीत त्यांच्याशी कुणी बोलेनासं झालं होतं.

बाबा आत खोकी भरत होते.

"बाबा, आपल्याकडे कधी घोटाभर तरी पाणी आलंय का?"

"मोठ्या पुरात येईल," बाबा थकल्या आवाजात म्हणाले. "नकाशातली जमिनीची उंची विमानातून मोजलेली आहे. कॉम्प्युटर जमिनीचे चौकोन पाडतो, पाणी सगळ्यात खालच्या शेजारच्या चौकोनात सोडतो आणि जिथे ते पुष्कळ गोळा होतं तिथे निळी रेघ ओढतो."

"आणि सगळेच शेजारी उंच असले तर?"

"मग खळगा भरेपर्यंत पाणी भरतो आणि सांडेल तिथून पुढे नेतो. चूक निघाली असती तर मलाच आनंद झाला नसता का गं?"

चिमणीला गलबलून आलं. पण स्वस्थ बसवेना. नकाशा काखोटीला मारून ती दोघांना टेकडीवर घेऊन गेली. तिथून कोरड्या नाल्यातून तिघं नकाशातल्या निळ्या रेघेमागोमाग उतरू लागली.

भरावापाशी रेघ काटकोनात वळून थेट गल्लीकडे गेली होती. पण पात्रातले गुळगुळीत गोटे वळले नव्हते! ते सरळ काटेरी झुडपात शिरत होते.

"या गोट्यांना कुणीतरी नकाशा दाखवा रे!" ढोल्या म्हणाला. कितीतरी दिवसांनी तिघं हसली.

काठ्यांनी झुडपं बाजूला सारली, हात ओरबाडले, आणि मागे दिसली दगडी कमान. भरावाखालून जाणारी मोरी!

"विमानाला वरून फक्त भराव दिसला!" चष्मिस ओरडला. "खालचं भोक कुठून दिसणार? कॉम्प्युटरला वाटलं धरणच आहे! त्याने पाणी तुंबवलं आणि आपल्या गल्लीत सांडलं!"

"गल्ली वाचली! गल्ली वाचली!" ढोल्या नाचायला लागला.

चिमणी केव्हाच आत रांगत होती. अंधारात गुडघे सोलवटत ती पलीकडे बाहेर पडली आणि समोरच्या नव्याकोऱ्या पायरीवरून कुणीतरी किंचाळलं, "चिमणे! तू? इथून?"

खारू! तिने धावत येऊन मिठी मारली. चिमणीचं लक्ष मात्र तिच्या खांद्यावरून मागे गेलं. पात्र मातीने बुजवून त्यावर ओळीने घरं बांधली होती. मोरीच्या अगदी तोंडासमोर पहिलंच घर खारूचं होतं. आपली गल्ली सुटली म्हणजे ही ओळ पाण्याच्या वाटेत सापडली! क्षणभर तिला वाटलं, तोंडच उघडू नये. पण मग पाणी येईल तेव्हा खारू याच घरात झोपलेली असेल.

तिने बाबांना सगळं सांगितलं. बाबा धावत आले, वाकून मोरीत डोकावले आणि तसेच कार्यालयात गेले. कॉम्प्युटरमध्ये मोरीच्या जागी भराव कापून त्यांनी नकाशा पुन्हा काढला, तेव्हा निळी रेघ सरळ वसाहतीतून गेली.

"शाब्बास! आम्ही शिकलेसवरलेले कार्यालयात बसून राहिलो आणि या पोरांनी जागेवर जाऊन पाहिलं!" बाबांच्या मोठ्या साहेबांनी गल्लीत येऊन सर्वांसमोर चिमणीची पाठ थोपटली. टाळ्या कडाडल्या. रुसलेल्या शेजाऱ्यांनी बाबांना मिठ्या मारल्या. चिमणीला यातलं काहीच नको होतं. ती तिथून निसटली आणि वसाहतीकडे धावत सुटली.

खारूची आई फळीवरची भांडी उतरवत होती. खारू गादी गुंडाळत होती.

"रागावलीस?"

"आई म्हणते, तू नसतीस तर आम्ही वाहून गेलो असतो." खारूने वर पाहिलं नाही.

"आता कुठे जाणार तुम्ही?"

"माहीत नाही." खारूने दोरीचं एक टोक तिच्या हातात दिलं. "घट्ट धर. मागच्या वेळी वाटेत सुटली होती."